फ्रान्सच्या द्राक्षबागांतून ग्रॅव्हल सायकल: बर्गंडी, शांपेन की मिदी कालवा?

निफाडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा थोरला भाऊ, दोघं मिळून फ्रान्सला सायकली घेऊन जायचं म्हणतोय. दहा दिवस हातात आहेत. आमची निफाड तालुक्यात सात एकर द्राक्षबाग आहे. दादा पूर्णवेळ बाग बघतो, मी नाशकात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार घरी असतो. चार वर्षांपूर्वी दोघांनी ग्रॅव्हल सायकली (खडी-मातीच्या रस्त्यांसाठीच्या) घेतल्या आणि तेव्हापासून आसपासच्या सगळ्या पाणंदी, कॅनॉलचे रस्ते, धरणाच्या भिंतीमागचे मुरमाचे रस्ते फिरून झाले. आता जिथं द्राक्षशेती शेकडो वर्षं चालू आहे तिथल्या पाणंदीवरून सायकल चालवायची आहे.

डांबर शक्यतो नको. रोज 50-60 किलोमीटर, चढ असला तरी चालेल. वाचल्यावर तीन भाग डोळ्यांपुढे आले: बर्गंडी, शांपेनचा दक्षिण भाग आणि मिदी कालवा. पानं पिवळी-तांबडी होतात म्हणून ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरला आहे.

एक महत्त्वाचं. दादा माळकरी आहे. वाईनला हात लावणार नाही, खाणंही शाकाहारी. त्याला वेल बघायचे आहेत, माती बघायची आहे, तिथला शेतकरी छाटणी कशी करतो ते विचारायचं आहे. अशा माणसाला घेऊन कुठं जावं?

अनघा दिजों

निफाडकर, डोळे मिटून बर्गंडीला या. मी सहा वर्षं दिजोंमध्ये आहे आणि दर रविवारी याच उतारावर सायकल चालवते.

दिजोंपासून दक्षिणेला सांतनेपर्यंत साधारण 60 किलोमीटरची एक अरुंद पट्टी आहे. पूर्वेकडे तोंड केलेला लांबच लांब उतार. खाली सपाटीला साधी वाईन, मधल्या कमरेला सगळ्यात नावाजलेल्या बागा, वर जंगल. इथं जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे. त्याला क्लिमा म्हणतात, असे 1,247 तुकडे आहेत आणि 2015 साली ते जागतिक वारशात गेले. आपल्याकडे कसं विहिरीचा तुकडा, चिंचेची पट्टी, माळाचं वावर म्हणतात, तसंच. फरक एवढाच की इथं ते नाव बाटलीवर छापलं जातं.

तुमच्या दादांना जे दिसेल ते सांगते. वेल कमरेएवढे. मांडव नाही. दोन ओळींत आणि दोन वेलींत जवळपास मीटरभरच अंतर, म्हणजे हेक्टरी दहा हजार झाडं. ट्रॅक्टर ओळींच्या मधून जात नाही, उंच पायांवर उभा राहून ओळीच्या वरून चालतो. ठिबकच्या नळ्या कुठंच नाहीत. सगळ्यात भारी बागांत उत्पन्न एकरी दोन टनांच्या आसपास.

व्होन-रोमाने गावाच्या वर रोमाने-कोंतीची बाग आहे. जेमतेम 1.8 हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. एका कडेला दगडी क्रूस आणि भिंतीवर पाटी: तुम्ही बघायला येता हे आम्ही समजतो, पण रस्त्यावरच थांबा, बागेत पाऊल टाकू नका. पहिल्यांदा गेले तेव्हा दहा मिनिटं तिथं नुसती उभी होते.

खडीप्रेमी

अनघाताई, वर्णन सुंदर, पण धागाकर्त्यांनी डांबर नको म्हटलं आहे. बोन ते सांतने ही जी 'व्हॉआ दे व्हीन्य' सायकलवाट सगळे सुचवतात (पोमार, व्होलने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे करत जाते, वीसेक किलोमीटर) तिचा मोठा भाग काँक्रीट आणि डांबर आहे. बागांचे सेवा-रस्तेच ते. मी 42 मिमी रुंदीचे टायर घेऊन गेलो आणि बराच वेळ रोडबाइक आणली असती तर बरं झालं असतं असं वाटत राहिलं.

अनघा दिजों

@खडीप्रेमी, बरोबर आहे. खालची वाट पक्की आहे. पण तुम्ही वर चढला नाहीत! खरं ग्रॅव्हल ओत-कोतमध्ये आहे, म्हणजे बागांच्या वरच्या डोंगरपट्ट्यात. उताराला मध्येमध्ये कोंब नावाच्या घळी फोडतात. जेव्रे-शांबेर्तांजवळची लाव्होची घळ घ्या: दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, खाली पांढऱ्या खड्यांची वाट, वर ओकचं जंगल. माथ्यावर शेतातून वेचून रचलेल्या दगडांचे ढीग दिसतात, त्याला इथं म्युर्जे म्हणतात. आपल्या बांधावर असतात तसेच.

एकच सांभाळा. पाऊस झाला की त्या चुनखडीच्या मातीचा चिकट राडा होतो. चाक आणि फोर्क यांच्यात इतका भरतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मी व्होलनेच्या वर एकदा काडीने चिखल उकरत अर्धा तास बसले होते.

सह्यचाकोरी

माझं मत शांपेनचा दक्षिण भाग, म्हणजे कोत दे बार. 2024 च्या तूर द फ्रान्सचा नववा टप्पा आठवा: त्र्वा ते त्र्वा, 199 किमी, त्यात पांढऱ्या मातीचे 14 पट्टे मिळून 32 किमी. अँथनी तुर्जी जिंकला. त्याआधी 2022 ला महिलांच्या तूरचा चौथा टप्पाही बार-स्यूर-ओबला असाच बागांतून गेला आणि मार्लेन रॉयसर एकटी पुढे निघून जिंकली. हे सगळे पट्टे म्हणजे निव्वळ बागांच्या पाणंदी आहेत. दोन चाकोऱ्या, मध्ये गवत. रेस नसताना तिथं कुत्रंही भेटत नाही.

एपेर्नेच्या मोठ्या शांपेन कंपन्यांची झगमग इथं नाही. 1911 साली ओब जिल्ह्यातल्या या शेतकऱ्यांना शांपेन म्हणायचा हक्क नाकारला म्हणून मोठं आंदोलन पेटलं होतं, पूर्ण हक्क 1927 मध्ये मिळाला. आजही गावात शिरलं की शेतकऱ्यांची गावं आहेत हे लगेच कळतं.

मंजिरी के

माळकरी माणसाला वाईनच्या गावाला नेताय हे वाचून खूप छान वाटलं. दादांना नमस्कार सांगा. पुढच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत, वाचत राहणार.

तुलूझकर

मिदी कालव्याची बाजू मांडतो, कारण मी त्याच्याकाठीच राहतो.

पिएर-पॉल रिके या माणसानं 1666 ते 1681 मध्ये खणून घेतलेला कालवा. तुलूझ ते समुद्राजवळचं 'तो' नावाचं तळं, 240 किलोमीटर. चढ जवळजवळ नाहीच. पहिले 50 किलोमीटर गुळगुळीत डांबर, आणि जिल्हा बदलला की एकदम मातीची वाट सुरू. तिथून पुढे कार्कासोन, त्रेब, ओंप, ल सोमाय. दोन्ही अंगांना मिनेर्व्हुआ आणि कॉर्बिएरच्या बागा. बेझिएरच्या आधी माल्पासचा बोगदा आहे, कालव्यासाठी खणलेला पहिला बोगदा. त्याच्या डोक्यावरच्या टेकडीवर चढलं की खाली मोंतादीचं आटवलेलं तळं दिसतं: शेतं मधल्या बिंदूपासून सूर्याच्या किरणांसारखी कापलेली. दादांना ते तासभर बघत बसावंसं वाटेल.

आता खरं तेही सांगतो. वाट सरळ कंटाळवाणी होऊ शकते. चिनाराच्या मुळांनी जमीन उचललेली आहे, हात बधिर होतात. 2006 पासून त्या चिनारांवर बुरशीचा रोग आहे, हजारो झाडं तोडावी लागली, म्हणून जुन्या फोटोतली सावली सगळीकडे मिळणार नाही. वारा पाहून दिशा ठरवा: सेर्स वारा वायव्येकडून येतो, तो चालू असेल तर तुलूझहून समुद्राकडे जाताना पाठीशी. ओतां सुटला तर उलट. आणि सराटे! हो, आपले सराटेच. बेझिएरजवळ माझ्या दोन्ही टायरांत मिळून अकरा काटे निघाले. टायरमधली भोकं बुजवणारा ट्यूबलेस द्रव भरपूर ठेवा.

पिंपळगावचा भाऊसाहेब

निफाडकर, बाकी सगळं राहू द्या. ऑक्टोबरात तुमचे दादा येणार कसे? गोडी छाटणी (फळासाठीची, ऑक्टोबरातली) कोण करणार?

निफाडकर

@भाऊसाहेब, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. आमची छाटणी दरवर्षी 10 ऑक्टोबरच्या पुढं असते, म्हणून मी 1 ते 10 धरलं होतं. कालच दादाशी बोललो. तो म्हणाला, छाटणीच्या आधी पानगळ, खतं, मजुरांची जुळणी, हे दहा दिवस सोडून मी परदेशात बसलो तर माझं चित्त तिथं लागणार नाही. खरं आहे त्याचं.

भाऊसाहेब

मग ऑगस्टचा शेवट बघा. खरड छाटणीनंतरची (उन्हाळ्यातल्या पहिल्या छाटणीनंतरची) काडी तोवर पक्व झालेली असते, सप्टेंबर उजाडेपर्यंत फक्त पानं निरोगी ठेवायची. बोर्डोच्या फवारण्या मी बघतो, आपली बाग पाच किलोमीटरवर आहे. पोळ्याला मात्र घरी या.

अनघा दिजों

भाऊसाहेबांनी बोर्डोचं नाव काढलं म्हणून जाता जाता सांगते. ते बोर्डो म्हणजे हेच फ्रान्सचं बोर्दो शहर. 1880 च्या दशकात मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्या वेलींवर केवडा रोग येत नाही. त्यानं 1885 साली ते प्रसिद्ध केलं.

इथं अजूनही तेच वापरतात, सेंद्रिय बागेत तर हमखास. सकाळी ओल्या पानांवर तो निळसर थर दिसतो. दादांना परकं वाटणार नाही.

निफाडकर

अनघाताई, हा प्रतिसाद दादाला मोठ्यानं वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, उठून शेडमध्ये गेला आणि मोरचुदाची पिशवी हातात घेऊन परत आला. म्हणाला, आजोबांपासून आपण हे नाव घेतोय आणि मला वाटायचं कंपनीचं नाव आहे.

रोनवाला

कुणी शातोनफ-द्यु-पापचं नाव कसं घेतलं नाही? बागेत माती दिसतच नाही, नुसते नारळाएवढे गोल गोटे. त्यावर सायकल चालवणं म्हणजे नदीच्या पात्रात चालवणं. आणि 1954 पासून त्या गावाच्या हद्दीत उडत्या तबकड्या उतरवायला कायद्यानं बंदी आहे, महापौरांनी तसा हुकूमच काढला होता. सायकली उतरवायला परवानगी आहे 😄

पिडां पुणे

😄😄 तबकडी घेऊन जाणारे असाल तर विमा काढा.

बाकी पुण्यातले बरेच जण पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसला जातात, 1200 किमी 90 तासांत. त्यात बाग बघायला वेळ नसतो. माझ्या मते पुढल्या खेपेला त्यांनी आठवडाभर थांबून तूर शहराच्या आसपास फिरावं. पॅरिस-तूर शर्यतीनं 2018 पासून व्हुव्रेच्या बागांतल्या वाटा घेतल्या आहेत. माती गारगोटीची आहे, टायरची बाजू ब्लेडसारखी कापते. दोन पॅच आणि टायरचा एक तुकडा जवळ ठेवाच.

शुभदा जोशी

खाण्याचं कुणीतरी बोला! शाकाहारी माळकरी माणूस फ्रान्सच्या खेड्यात काय खाणार?

अनघा दिजों

@शुभदाताई, मोठ्या गावात अडचण नाही, खेड्यात आहे. पाव चोवीस तास मिळतो असं समजू नका. बेकरी दुपारी बंद, आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद, आणि ऑगस्टमध्ये कित्येक बेकऱ्या पंधरा-वीस दिवस सुट्टीवर असतात. चीजचं दादांना आधीच सांगा: इथली बहुतेक पारंपरिक चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. त्यांना चालणार नसेल तर लोणी, दही, टोमॅटो, डाळी, अक्रोड आणि फळांवर भर द्या.

स्वयंपाकघर असलेली जीत घ्या, म्हणजे गावातली भाड्याची घरं. भाजणी आणि कोरडी चटणी आणलीत तर संध्याकाळचं थालीपीठ नक्की.

पाण्याची युक्ती: प्रत्येक गावाच्या कबरस्तानात नळ असतो. 'ओ नों पोताब्ल' (पाणी पिण्याजोगं नाही) अशी पाटी नसेल तर बाटली भरा. माझी उन्हाळ्यातली निम्मी सायकलिंग त्या नळांवर चालते.

खडीप्रेमी

कायद्याचंही सांगून ठेवतो. दादांचा प्रश्न नाही, पण धागा वाचून इतर जातील. फ्रान्समध्ये रक्तातल्या दारूची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे आणि ती सायकलवाल्यालाही लागू आहे. दिवसभरात चार ठिकाणी चाखायचं असेल तर थुंकायची भांडी ठेवलेली असतात, ती वापरा. त्यात कुणी वाईट मानत नाही.

सह्यचाकोरी

ऑगस्टअखेर ठरत असेल तर लक्षात घ्या, अलीकडे बऱ्याच वर्षी शांपेनमध्ये तेव्हाच तोडणी सुरू होते. तिथं द्राक्ष हातानंच तोडायचा नियम आहे, यंत्र चालत नाही. म्हणजे पाणंदीवर माणसं, क्रेट, ट्रॅक्टर. सायकलला घाईनं पुढं काढू नका. उतरा, बाजूला व्हा, 'बाँज्यूर' म्हणा. ती त्यांची वर्षाची कमाई आहे.

तुलूझकर

@सह्यचाकोरी +१. तोडणी बघायला मिळणार असेल तर मी माझा कालवा मागे घेतो. कालव्यावरून बाग लांबून दिसते. निफाडकरांच्या दादांना ती हाताच्या अंतरावर हवी आहे. शिवाय आमच्याकडे ऑगस्टात 38-40 अंश सहज जातं.

पिडां पुणे

भांडण मिटवतो: शांपेन आणि बर्गंडी दोन्ही एका रेषेत आहेत.

त्र्वापर्यंत पॅरिसहून गाडी. तिथून कोत दे बार, ले रिसे गावापर्यंत. तिथल्या बागांत काडोल म्हणून दगडी झोपड्या आहेत, चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या, शेतकऱ्यांच्या आडोशाला. रिसेहून तोनेर, वळसा घालून शाब्ली. कोत दे बार आणि शाब्लीची माती एकाच जातीची आहे, किमरिजियन चुनखडी, तीत बारीक शिंपल्यांचे जीवाश्म असतात. दादांना खडा उचलून दाखवा.

तोनेरहून बर्गंडीचा कालवा धरा. काठची वाट बहुतेक दाबलेल्या खडीची. मोंबारजवळ फोंतनेचा मठ आहे, 1981 पासून जागतिक वारसा. दोन-अडीच दिवसांत दिजों. मग अनघाताईंचा उतार, बोन, आणि शेवटी जिव्रीहून क्लुनीपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट, 44 किमी. एकूण सव्वाचारशे ते साडेचारशे. नऊ दिवसांत आरामात.

रोनवाला

@पिडां, क्लुनीच्या पुढं माकोंपर्यंत जात असतील तर ब्वा-क्लेरचा बोगदा लागतो, दीड किलोमीटरहून लांब. हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात, ऑगस्टात उघडा. आत हाडं गोठवणारी थंडी असते, जाकीट वर ठेवा.

मंजिरी के

वटवाघळांसाठी बोगदा बंद! किती छान.

निफाडकर

मंडळी, ठरलं. पिडांचा मार्ग घेतोय, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात निघून पोळ्याआधी घरी. भाऊसाहेब, तुमच्या शब्दावर बाग सोपवतोय. तुम्हाला काय आणू ते सांगा.

दोन शंका उरल्यात. एक, प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते ना? दोन, दादा विचारतोय की वेलाला हात लावता येईल का. त्याला ओलांडा (खोडाची आडवी फांदी) बघायचा आहे, जुन्या खोडावर काप कुठं घेतात ते. नुसतं रस्त्यावरून बघून समजत नाही म्हणतो.

अनघा दिजों

गाडी: तेऊएर, म्हणजे प्रादेशिक गाड्यांत आमच्याकडे सायकल फुकट, हुकाला टांगायची. तेजेव्हेला (अतिवेगवान गाडीला) जागा आधी राखावी लागते नाहीतर सुटी करून पिशवीत.

वेल: न विचारता नाही. पण मर्सोजवळ माझ्या ओळखीचे एक आजोबा आहेत, 70 पार. त्यांना कालच फोन केला. भारतातला द्राक्षवाला येतोय आणि तो वर्षातून दोनदा छाटतो हे ऐकून ते आधी गप्पच झाले. मग तीनदा विचारलं, दोनदा? नक्की दोनदा? इथं वेल हिवाळ्यात झोपतो, छाटणी एकदाच. तुमच्याकडे झोपतच नाही म्हणून दोनदा, एवढं मी सांगितलं. बाकीचं दादांनीच सांगावं, दुभाषी मी होईन. ते म्हणाले, त्याला त्याची कात्री घेऊन यायला सांग.

निफाडकर

ताई, शब्द नाहीत. दादानं कात्री तेल लावून बॅगेत घालूनसुद्धा ठेवली.

भाऊसाहेब

कात्री चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या नको. आणि निघताना व येताना दोन्ही वेळा स्पिरिटनं पुसा. टायरची माती तिथंच धुऊन काढा. काडी एकही आणू नका, कितीही मोह झाला तरी. रोग कशातून येईल सांगता येत नाही. मला काही नको, त्या आजोबांच्या जुन्या खोडाचा काप जवळून काढलेला फोटो तेवढा पाठवा.

निफाडकर

काडी नाही, फक्त फोटो. दादाचा शब्द.